न सोडलेली नोंद

त्याचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी सफरचंद खात होते. फोड तोंडात तशीच राहिली. पडद्यावर डावीकडे नावांची उभी रांग आणि उजवीकडे कोडच्या ओळी. कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा असते, आणि आमच्या धंद्यात तिचं नावच मुळी 'दोष देणे' असं ठेवलेलं आहे. ठेवणारा माणूस माझ्याच स्वभावाचा असणार. ज्या ओळीपाशी मी इतके दिवस घुटमळत होते तिच्या शेजारी हेडमास्तर होता, माझ्या पहिल्या नोकरीतला साहेब. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. मी फोड गिळली, खुर्ची मागे सारली आणि एकटीच हसले. पलीकडच्या टेबलावरून बारक्या म्हणाला, "काय मॅडम, लॉटरी लागली का?" बारक्या म्हणजे आमच्याकडे ग्राहकांचे फोन घेणारा पन्नाशीचा गृहस्थ, दारातून आत येताना त्याला थोडं आडवं व्हावं लागतं, म्हणून बारक्या. "लागली," मी म्हटलं, "पण बक्षीस दुसऱ्याला आहे." त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला मनातल्या मनात किती प्रकारांनी शिक्षा दिली होती. पायऱ्यांवरून पाडलं होतं, भर सभेत तोतरा केलं होतं, एकदा तर माझ्याकडे नोकरी मागायला आणून तासभर बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आणि आता हे असं, मी काहीही न करता, तो आपल्या पायांनी चालत माझ्या टेबलावर आला होता.

प्रकरण साधं होतं. रुग्णवाहिकांसाठी येणारे फोन घेणारं एक केंद्र आमची यंत्रं वापरतं. तिथलं एक यंत्र अधूनमधून सुस्त व्हायचं आणि मग गप्प बसायचं. बंद करून चालू केलं की पुन्हा गुणी बाळासारखं चालायचं. केंद्राच्या प्रमुख बाईंनी फोनवर बारक्याला फाडून खाल्लं होतं, मग तो फोन माझ्याकडे आला. "तुमचं मशीन झोपतं तेव्हा आम्ही आपापले मोबाईल काढून बसतो," त्या म्हणाल्या, "आणि तिकडे माणसं नुसती रिंग ऐकत राहतात. कळतंय का मी काय म्हणतेय ते?" कळत होतं. कोणीतरी मेमरी खात होतं. यंत्रातून माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेटं, जातात; प्रत्येक पॅकेटला कुठल्या वाटेने जायचं ते ऑपरेटिंग सिस्टिम सांगते, आणि त्यासाठी वाटांच्या नोंदी मेमरीत ठेवते. नोंद वापरायला घेणाऱ्याने हात वर करायचा, काम झालं की खाली करायचा. सगळे हात खाली आले की नोंद पुसली जाते आणि जागा मोकळी होते. शेजारणीकडून भांडं आणावं, घासून परत द्यावं, इतका सरळ व्यवहार. इथे कोणीतरी हात वर करून तसंच निघून जात होतं. मी वर होणाऱ्या आणि खाली येणाऱ्या प्रत्येक हातावर पाळत ठेवली, जोड्या लावत बसले, आणि शेवटी एक बिनजोडीचा सापडला. पुढचं यंत्र उत्तरच देत नसेल तेव्हाची वाट होती ती. तिकडची वीज गेली किंवा तार तुटली की पॅकेटं त्या वाटेने जातात. कोड म्हणतो, जमत नाही, चला मागे. आणि मागे फिरताना हात वरच राहतो. विसरला असेल कोणीतरी, असं दुसरा कोणी म्हणाला असता. पण तिथे कोणी विसरलं नव्हतं. हात खाली करणाऱ्या ओळी तिथे एके काळी होत्या. त्या मी लिहिल्या होत्या. नावांची रांग उघडायच्या आधीच मला ती जागा ओळखू आली होती, जुन्या घराच्या जिन्यावर अंधारात पाय बरोबर पडावा तशी.

ते पहिलं ऑफिस मला अजून वासाने आठवतं. नवीन गालिच्याचा गोंद आणि फळ्यावरचे मार्कर. हेडमास्तर हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. दर आठवड्याला तो कोणातरी एकाचा कोड भिंतीवर दाखवायचा, स्वतः सगळ्यांत मागच्या खुर्चीत बसायचा, आणि ज्याचा कोड असेल त्याने उभं राहून तो मोठ्याने वाचायचा. जी ओळ त्याला पटली नाही ती तो स्वतः कधी पुसत नसे. तो फक्त म्हणायचा, "काढ." मग ज्याने लिहिली त्यानेच ती, सगळ्यांच्या देखत, आपल्या हाताने काढायची. असं केलं की माणूस जन्मभर शिकतो, असं त्याचं म्हणणं. शिकायचोही आम्ही, ते नाकारण्यात अर्थ नाही. मेमरी मागून घेतली की ती परत करायची जबाबदारी आपली, हे मला त्याच माणसाने शिकवलं, म्हणून तर संताप जास्त. मी तेव्हा पोरसवदा होते आणि त्याने नुसती मान डोलवावी म्हणून सुट्टीचे दिवस ऑफिसात घालवत होते. या वाटांच्या नोंदींचा कोड लिहून झाला तेव्हा मी तो त्याला न दाखवताच बाहेर पाठवला. बाहेर म्हणजे, जगभरातले लोक या सिस्टिमसाठी केलेली कामं ज्या मेलिंग लिस्टवर पाठवतात आणि एकमेकांची कामं तपासतात तिथे. माझ्या नावाने पाठवला. मला वाटलं, तो खूश होईल. त्याने लिस्टवर दोन ओळी लिहिल्या, की हे काम कच्चं आहे, लक्ष देऊ नये, नीट केलेलं लवकरच पाठवतो. आणि त्या आठवड्यात भिंतीवर माझा कोड आला. मी वाचत वाचत त्या वाटेपर्यंत आले. "या वाटेने कोण जातं?" मागून आवाज आला. मी म्हटलं, "सर, पुढचं मशीन बंद असेल तर..." "पुढचं मशीन बंद असेल तर नेटवर्कच बंद. मग कसली मेमरी आणि कसलं काय!" मी म्हटलं, "पण सर, हात खाली केला नाही तर नोंद अडकून राहील." तेव्हा तो खुर्चीतून थोडा पुढे झुकला आणि अगदी प्रेमाने, घरातल्या मोठ्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "तू घरीपण अशीच का गं? रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत फिरतेस?" सगळे हसले. ज्यांचे कोड पुढच्या आठवड्यात भिंतीवर येणार होते ते जास्त हसले. "काढ," तो म्हणाला. मी काढल्या. शेवटची काढताना बोट घसरलं आणि वरची चांगली ओळही गेली, ती पुन्हा लिहावी लागली. त्यावर आणखी एक हसू झालं. मग ते काम बाहेर गेलं, त्याच्या नावाने. बाहेर जाणाऱ्या कामावर सही एकाचीच, असा त्याचा नियम होता.

सोडून दे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्याने सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, सासूबाईंनी तर मूळ गोष्ट काय हे न समजताच सांगितलं. मी नोकरी सोडली. ते मात्र सोडलं नाही. त्या दिवसानंतर मी घरात कुठलाही दिवा मालवलेला नाही. स्वयंपाकघरातला, जिन्यावरचा, न्हाणीघरातला, सगळे ढणाढणा चालू. सासूबाई माझ्या मागून बटणं बंद करत फिरतात आणि म्हणतात, "हिच्या माहेरी वीजघर आहे वाटतं." मी ऐकून घेते. त्यांना कसं सांगणार, की प्रत्येक चालू दिव्यागणिक मी एका माणसाला उत्तर देतेय म्हणून? मूल झालं, ते मोठं झालं, शिकायला दूर गेलं; केस पांढरे झाले; हेडमास्तर चढत गेला. राउटिंगचा, म्हणजे वाटा ठरवण्याचा, तो सगळा भाग आता त्याच्या ताब्यात आहे. कोणी काही बदल पाठवला तर तो तपासून आत घ्यायचा की नाही हे तो ठरवतो, आणि घेतला तर शेवटी त्याची सही लागते. परिषदांमधले त्याचे फोटो मी शोधून शोधून पाहत असे. पोट सुटलं, दाढी आली, गळ्यात पाहुण्यांची पट्टी. फोटो मोठा करून मी त्याच्या शर्टाचं ताणलेलं बटण पाहायची आणि मला थोडं बरं वाटायचं. क्षुद्र आहे हे. असू दे. मोठ्या मनाची माणसं मला कायम दुसऱ्याच्या पैशाने जेवणाऱ्या पाहुण्यांसारखी वाटत आलीत.

दुरुस्ती करायला काही लागलं नाही. त्याच ओळी मी त्याच जागी परत लिहिल्या. बारक्याने तो सुधारलेला कोड त्याच दिवशी केंद्राच्या यंत्रावर चढवला, आणि मुद्दाम पुढच्या यंत्राची तार काढून बघत बसला. मेमरी जागची हलली नाही. प्रमुख बाईंचा फोन आला तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "आमच्या मॅडमनी मुळावरच घाव घातला." त्यांचं काम झालं. माझं आता सुरू होत होतं. ही चूक फक्त आमच्या यंत्रात नव्हती, ही सिस्टिम जिथे जिथे चालते तिथे तिथे होती, म्हणजे दुरुस्ती लिस्टवर पाठवायलाच हवी होती. आणि तिथला रिवाज असा, की दुरुस्तीखाली खुलासा लिहावा लागतो. चूक काय होती, आणि ती कोणत्या बदलाने आत आली, त्या बदलाचा क्रमांक आणि शीर्षक. ज्याची चूक, त्याला दुरुस्तीची प्रत आपोआप जाते. सभ्य माणसं एवढ्यावर थांबतात. मी थांबले नाही. मी जुन्या लिस्टमध्ये खोल उतरले. मी पाठवलेलं पहिलं काम तिथे होतं, ओळींसकट, आणि त्याखाली 'हे काम कच्चं आहे' हेही होतं. मी खुलाशात मधे एक परिच्छेद घातला. या ओळी मूळ कामात होत्या, त्या काढून टाकण्यात आल्या, मूळ काम इथे पाहावं. एकही विशेषण नाही. एकूण एक वाक्य मी उकळून घेतल्यासारखं स्वच्छ केलं, कारण राग दिसला असता तर लोक रागाबद्दल बोलले असते आणि चूक बाजूला राहिली असती. पाठवायचं बटण दाबताना मला भीती वाटली नाही, दया आली नाही. तहान लागल्यावर पाण्याकडे हात जावा तसा हात गेला.

मग वाट पाहणं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. घरी चैन पडेना म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन बसले, काचेच्या पेटीमागे, मोबाईल हातात धरून. नवरा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होता. "आता अपमान करून उत्तर देईल," मी म्हटलं. "देऊ दे की," नवरा म्हणाला, "तेच हवंय ना तुला?" हो, तेच हवं होतं. त्याने फणा काढावा, चार लोकांसमोर खोटं बोलावं, आणि मी पुरावा त्याच्या तोंडावर मारावा. मी त्याची उत्तरं त्याच्या वतीने रचत होते आणि माझ्या वतीने खोडत होते. त्याचं उत्तर आलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य मी रचलेल्यांपैकी नव्हतं. त्याने लिहिलं होतं: "दोष माझा आहे. त्या ओळी तिने लिहिल्या होत्या. मी त्या काढायला लावल्या. ती बरोबर होती आणि मी चुकीचा होतो, हे सर्वांसमोर सांगायला मला कमीपणा वाटत नाही. दुरुस्ती उत्तम आहे. एकच विनंती, खुलाशातला मधला परिच्छेद काढावा, जुन्या चर्चेचा दुरुस्तीशी तांत्रिक संबंध नाही. तेवढं करून पुन्हा पाठवलीस की लगेच घेतो."

आणि मग टाळ्या. लिस्टवर एरवी कोणी कोणाला बरं म्हणत नाही, तिथे उत्तरांची रीघ लागली. इतक्या उंचीवरच्या माणसाने अशी कबुली द्यावी! यालाच मोठेपण म्हणतात. तरुणांनी शिकण्यासारखं आहे. एका दाढीवाल्याने, ज्याला मी परिषदांच्या फोटोंत त्याच्या शेजारी कायम पाहिलंय, लिहिलं की आज डोळे ओलावले. कोणीतरी खाली पुस्ती जोडली, दुरुस्ती पाठवणाऱ्यांचेही आभार. पाठवणाऱ्यांचेही! मी मोबाईल नवऱ्यापुढे धरला. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, नीट वाचलं आणि म्हणाला, "मानलं की गं त्याने. अजून काय पाहिजे? झालं ना मनासारखं?" त्या क्षणी मला माझा नवरा, माझा एवढा सालस नवरा, मागच्या रांगेत बसून हसणाऱ्यांपैकी वाटला. मी म्हटलं, "तुला दिसत नाहीये का त्याने काय केलं ते?" त्याला दिसत नव्हतं. कोणालाच दिसत नव्हतं. लिस्टवरचं बोलणं वाहून जातं. चार दिवसांनी ते शोधायला कोणी फिरकत नाही. खुलासा मात्र कोडबरोबर कायम राहतो, सिस्टिम जाईल तिथे जातो, आम्ही मेल्यावरही कोणीतरी तो उघडून वाचतो. मोठेपण त्याने मिरवून घेतलं होतं, आणि जिथे ते कायमचं राहिलं असतं तिथून माझ्याच हाताने पुसायला सांगितलं होतं. सगळ्यांच्या देखत. 'काढ' हा शब्द तेवढा या वेळी वापरला नव्हता.

मी घरी आले, जेवले नाही, सासूबाईंवर उगाच खेकसले. परिच्छेद न काढावा तर दुरुस्ती अडते, आणि कुठल्यातरी गावात कुठलंतरी यंत्र पुन्हा गप्प होतं; तिकडे माणसं रिंग ऐकत बसतात आणि दोष माझ्या हट्टाकडे येतो. काढावा तर मी पुन्हा तीच मुलगी. दोन्हीकडून तोच जिंकत होता आणि वर देवमाणूस ठरत होता. मी त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. द्वेषाने वाचलेलं फार नीट वाचलं जातं. आणि वाचता वाचता त्या टाळ्यांचा आवाज मला वेगळा ऐकू यायला लागला. एवढ्या लोकांनी ज्या वाक्यांवर टाळ्या दिल्या, त्या वाक्यांना आता कोण काय म्हणणार? मी खुलासा उघडला. मधला परिच्छेद काढला, अगदी सांगितल्याप्रमाणे. जुन्या चर्चेचा एक शब्द ठेवला नाही. आणि त्या जागी अवतरणचिन्हांत त्याचीच तीन वाक्यं ठेवली, खाली त्याचं पूर्ण नाव घालून. "दोष माझा आहे. त्या ओळी तिने लिहिल्या होत्या. मी त्या काढायला लावल्या." बरोबर पाठवलेल्या मेलमध्ये लिहिलं, की सरांचे शब्द माझ्यापेक्षा नेमके आहेत, म्हणून तेच घेतलेत. तो नाही म्हणाला असता तर कबुली परत घेतल्यासारखं झालं असतं. दाढीवाल्याने लगेच लिहिलं, वा, असंच हवं. आणखी दोघा-तिघांनी री ओढली. त्याने वेळ घेतला. सकाळ गेली, दुपार गेली. तो कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी खुर्चीत बसून ती तीन वाक्यं पाहतोय, हे मी चवीने कल्पत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती आत घेतली. खुलाशाच्या तळाशी माझी सही होती आणि तिच्याखाली, रिवाजाप्रमाणे, त्याची. आपल्या कबुलीखाली त्याने आपल्या हाताने सही केली होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका निर्भेळ आनंद मला मूल झालं तेव्हाही झाला नव्हता. तेव्हा त्यात वेणा होत्या.

मी दुकानात गेले. नवऱ्याला काहीतरी गोड खाऊ घालावं असं मनात होतं, त्याच्यावर उगाच चिडले होते म्हणून. तो आत काच घासत होता. बाहेर मी एकटी, आणि पेटीवर ठेवलेले छोटे आरसे, गिऱ्हाइकांनी फ्रेम लावून आपला चेहरा पाहावा म्हणून ठेवलेले. मोबाईल वाजला. मेल होता, लिस्टवरून नव्हे, थेट मला. त्याचा. मी उघडला. "शाब्बास. तेव्हा तू अशी असतीस तर त्या ओळी मी काढूच शकलो नसतो. माझं शिकवणं वाया गेलं नाही म्हणायचं." एवढंच. मी ते वाचलं आणि मान वर केली, आणि समोरच्या आरशात एक बाई हसत होती. कुत्सित नाही, जिंकल्याचंही नाही. गाल वर आले होते, डोळे बारीक झाले होते, कानाच्या पाळ्या लाल. मागच्या खुर्चीतून कोणीतरी शेवटी मान डोलवली होती आणि तिला काय करू नि काय नको असं झालं होतं. मी पटकन दुसरीकडे पाहिलं, तर तिथल्या आरशातही तीच. नवरा पडदा सारून हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "काय गं, कोणाचा मेसेज? किती खूश दिसतेयस!" मी मोबाईल पालथा घातला. ती भिंत, ते हसणं, काढलेल्या ओळी, ते सगळं म्हातारपणी कधीतरी मी त्या माणसाला माफ करूनही टाकलं असतं. हे माफ करणार नाही.